जुळ्यातली कालवड गळ्यात मारली, पैसे परत मिळतील का?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. प्रकरण थोडक्यात असं, की 14 महिन्यांपूर्वी तुम्ही शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या गोठेवाल्याकडून 10 महिन्यांची एचएफ (होल्स्टीन, जास्त दूध देणारी विदेशी जात) कालवड 32 हजारांना घेतली, आता ती दोन वर्षांची झाली तरी एकदाही माजावर आलेली नाही, डॉक्टरांनी हात घालून बघितलं तर गर्भपिशवीच वाढलेली नाही, आणि मग त्याच गावातल्या एकाने सांगितलं की ही गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली. गोठेवाला म्हणतो विकलेलं जनावर परत घेत नसतो. आणि एक दलाल 9 हजारांत रात्री गाडी लावायला तयार आहे.

आधी दलालाचं बोलतो. नको! अमेरिकेत मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांकडे अशी कालवड निघाली तर बाकीच्यांबरोबर चारून वजनावर विकतात, नुकसान फारसं होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात 1976 च्या प्राणी रक्षण कायद्याने गाय कापायला बंदी आहे, आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर कत्तलीसाठी विकणं, राज्याबाहेर पाठवणं यालाही 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 9 हजारांसाठी कोर्टाच्या खेपा कशाला. दुसऱ्या शेतकऱ्याला गुपचूप विकायचा विचारही सोडा, तुम्हाला आता खरं माहितीये, म्हणजे उद्या फसवणारे तुम्ही ठराल. आणि ती कालवडच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, दावणीलाच राहू दे.

आता मुद्द्याचं. गोऱ्हा आणि कालवड जुळे असले की पोटातच दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याकडचे हार्मोन कालवडीत जातात आणि तिचे अवयव नीट बनतच नाहीत, दहातल्या नऊपेक्षा जास्त अशा कालवडी वांझ निघतात. डॉक्टर याला फ्रीमार्टिन म्हणतात. वकिलाला यात काय कामाचं, तर हा दोष जन्माआधीचा आहे, म्हणजे विक्रीच्या दिवशी होताच, तुम्ही पेंड कमी घातली असली बहाणेबाजी चालणार नाही. पण हे कागदावर हवं. रक्ताची तपासणी होते, त्यात नराचा वाय क्रोमोसोम सापडला की संपलं. डॉक्टरांकडून कानातल्या टॅगचा 12 आकडी नंबर घालून लेखी रिपोर्ट घ्या.

पण सगळी केस एकाच गोष्टीवर फिरते, घेताना तुम्ही काय विचारलं आणि तो काय बोलला. 1872 च्या करार कायद्यात कलम 17 खाली घोड्याचं उदाहरण दिलंय, लिलावात खोड असलेला घोडा विकणारा नुसता गप्प बसला तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगलाच धरतो" आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच. तुम्ही लिहिलंय की व्हॉट्सअ‍ॅपवर "पुढं दुधाला होईल ना" विचारलं आणि त्याने "एक नंबर होईल, आई 20 लिटरची" असं उत्तर दिलं. हे सोनं आहे, चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. मालविक्री कायद्याचं कलम 16 पण इथे लागतं, कारण तुम्ही कशासाठी घेताय ते त्याला सांगितलंत आणि जनावरं विकणं हा त्याचा धंदाच आहे. एखाद्या साध्या शेतकऱ्याने दोन गायी विकल्या असत्या तर हे कलम लावणं अवघड झालं असतं.

जनावर परत करून पूर्ण पैसे, हे 14 महिने सांभाळल्यावर सरळ मिळत नाही, त्याला जुळ्याचं माहीत होतं हे सिद्ध केलं तर करार मोडता येतो. ते नाही जमलं तर नुकसानभरपाई. आणि कत्तलबंदीमुळे वांझ गायीला बाजारच नाही, म्हणून नुकसान जवळपास पूर्ण किमतीएवढं, हे मुद्दाम मांडायचं.

कुठे जायचं? माझं मत जिल्हा ग्राहक आयोग. दूध धंदा हेच तुमचं पोट आणि गोठा घरचीच माणसं बघतात, त्यामुळे "व्यावसायिक खरेदी, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही" हा आक्षेप टिकू नये. 5 लाखांपर्यंत फी नाही, तुमच्याच जिल्ह्यात लावता येते. मुदत 2 वर्षं, आणि ती खरेदीच्या तारखेपासूनच धरून चाला, म्हणजे हातात 10 महिने. पोलिसात जाऊ नका असं नाही म्हणत, पण दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतील बहुतेक.

रिपोर्ट आला की आधी रजिस्ट्रेशन घालून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, 15 दिवस द्या. जुळ्याचं सांगणारा तो माणूस लेखी द्यायला तयार आहे का तेवढं आजच विचारून घ्या, गावातलं वातावरण बदललं की माणूस फिरतो.