झडप जांघेतून बदलणार, मग छातीचा सीटी कशाला?

प्रश्न : आईचं वय ८१. जिना चढताना धाप लागते, दोनदा चक्कर येऊन पडली. इकोत 'सिव्हियर एऑर्टिक स्टेनोसिस' (हृदयातून महाधमनीकडे उघडणारी झडप फार आखडणं) निघालं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८, बायपास पूर्वीच झालेली. डॉक्टर 'टावी' (छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून नळीनं नवी झडप बसवणं) करू म्हणतात, पण आधी डाय (सीटीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी. किडनीचं काय? इकोवर भागणार नाही का? आणि पेसमेकरही लागू शकेल, तो कशासाठी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : झडप किती आखडली हे इको सांगतो. तोंड १ चौरस सेंटिमीटरहून लहान, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, की आजार सिव्हियर. नव्या झडपेचं माप मात्र सीटीवरच घ्यावं. झडपेचं वळं लंबगोल असतं आणि साध्या इकोत त्याचा एकच व्यास दिसतो. टावीत जुनी झडप काढत नाहीत, तिला कडेला दाबून आत नवी बसवतात. टाके नसतात, सगळी पकड मापाची. लहान बसली तर कडेनं रक्त मागे गळतं, क्वचित झडप सरकतेही. फार मोठी असेल तर चुना साठलेलं वळं फाटू शकतं, आणि ते जिवावर बेततं.

जांघेची धमनी किती रुंद, किती वाकडी, हेही त्याच सीटीत कळतं. नळी जायला साधारण ५ ते ५.५ मिलिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर दुसरी वाट शोधावी लागते, कधी खांद्याजवळून, कधी मानेतून.

किडनीची काळजी रास्त आहे. डाय कमीत कमी वापरा, आणि अँजिओग्राफीही करायची असेल तर मध्ये काही दिवस जाऊ द्या, असं डॉक्टरांशी बोलून ठेवा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि लघवीच्या गोळ्यांचं काय करायचं तेही विचारा. 'किडनी धुवायला' म्हणून सलाइन मात्र भराभर चढवू नये. अशा कडक हृदयात फुप्फुसांत पाणी होतं.

पेसमेकरचं कारण जागेत आहे. हृदयाची 'वायरिंग' त्या वळ्याच्या अगदी खालून जाते आणि नवी झडप तिच्यावर दाब देते. ईसीजीत आधीच 'राइट बंडल ब्रांच ब्लॉक' (या वायरिंगची उजवी फांदी बंद) असेल तर धोका बराच वाढतो. तो कागद आत्ताच काढून पाहा. वायरिंग अडण्याचा हा ब्लॉक झडप बसवल्यावर काही दिवसांनीही उद्भवतो. म्हणून घरी आल्यावर चक्कर आली तर 'अशक्तपणा असेल' म्हणत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.

प्रश्न : गोळ्यांवर वर्ष-दोन वर्षं काढता येतील का?
— तेच वाचक

उत्तर : चक्कर सुरू झाल्यावर नाही. २०१० च्या 'पार्टनर' चाचणीत शस्त्रक्रिया न झेपणारे रुग्ण होते. औषधं आणि गरजेप्रमाणे झडप रुंदावणारा फुगा, एवढ्यावर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात दगावले. टावी केलेल्यांत ३०.७ टक्के. तोवर एक सांभाळा : छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट परस्पर देऊ नका. या आजारात बीपी एकदम कोसळू शकतं.