चांगुणेचं पोर परत आलं, माझं का नाही?

श्रावण लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात देव जास्त येतो. त्यातही वर्षभरात ज्यांच्या घरात कुणी गेलंय, त्यांच्या बोलण्यात. घरी पोथी लागलेली असते, शेजारी कुणाचं तरी पारायण चालू असतं, आणि पानापानावर देव कुणाची ना कुणाची परीक्षा बघत असतो. हरिश्चंद्राला डोंबाघरी राबावं लागलं. बळीच्या डोक्यावर पाय पडला. श्रियाळ-चांगुणेला पोटचं पोर रांधून वाढावं लागलं. ऐकणारा माणूस मनातल्या मनात आपलं दुःख त्या शेजारी नेऊन ठेवतो आणि मग मला विचारतो, "मॅडम, देव माझीही परीक्षाच बघत असेल का? आणि मी नापास झाले का?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्याबद्दल एकदा नीट लिहायला हवं असं वाटत होतं. एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

ताई सोलापूरकडच्या. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कॅन्सरनं गेला, त्याला दहा महिने झाले होते. डोकं दुखतं, झोप लागत नाही म्हणून त्यांच्या घरच्या डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं. सुरुवातीला त्या मुलाबद्दल बोलल्याच नाहीत. नवऱ्याचा बीपी, सासूबाईंचे गुडघे, शिलाईच्या कामाचे पैसे कुणाकडे अडकलेत, हेच सगळं. मी घाई केली नाही. मग एके दिवशी उठता उठता, पिशवी खांद्याला लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "चांगुणेनं हाक मारली तर तिचं पोर धावत आलं. मी तर सोळा सोमवार केले होते. माझीच भक्ती कमी पडली ना?"

चिलया बाळाची कथा ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी यांचा नेम होता, दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही. शंकर अतिथीच्या रूपात येतात आणि नरमांस मागतात, तेही त्यांच्या लाडक्या चिलयाचं. पोर मारलं जातं, शिजवलं जातं. चांगुणा शिर तेवढं बाजूला ठेवते. अतिथीला ते कळतं. ते शिरही उखळात घालून कांड म्हणतो, आणि डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही अशी अट घालतो. ती कांडते, कांडता कांडता गाते. पान वाढल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

श्रीधरकवींनी 1718 साली बारामतीत पूर्ण केलेल्या शिवलीलामृताच्या चौदाव्या अध्यायात ही कथा आहे. तिचं मूळ याहून जुनं. बाराव्या शतकातल्या तमिळ पेरियपुराणात शिरुत्तोंडर आणि त्याचा मुलगा शीराळन यांची हीच हकिगत आहे, पुढच्या शतकातल्या तेलुगू बसवपुराणातही सिरियाळाची गोष्ट येते. आपल्याकडे बायकांनी ती जात्यावर आणि उखळावर गायली. म्हणून ती पोथीपेक्षा आईच्या तोंडून जास्त जणांपर्यंत पोचली, आणि खोल रुतली.

समुपदेशक म्हणून माझ्यासमोर दोन सोपे रस्ते होते. ताईंना सांगायचं, अहो, ह्या गोष्टी आहेत, खऱ्या नसतात. किंवा सांगायचं, देवाची लीला आपल्याला कळत नाही. पहिल्यात त्यांच्या आईनं, आजीनं दिलेलं सगळं मी एका वाक्यात काढून घेतलं असतं. दुसऱ्यात माझी सुटका झाली असती आणि त्या होत्या तिथेच राहिल्या असत्या. ज्या बाईचा देवावर विश्वास आहे तिचा अपराधभाव देवाच्याच भाषेत बोलतो. तो त्याच भाषेत ऐकून घ्यावा लागतो, असं माझं मत आहे.

ह्याला अभ्यासाचाही आधार आहे. केनेथ पार्गमेंट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ धर्म आणि दुःखाशी सामना करणं ह्या विषयावर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात दाखल झालेल्या 55 वर्षांवरच्या रुग्णांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला होता. देवानं आपल्याला टाकलंय, त्याचं आपल्यावर प्रेम नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. श्रद्धा आधार देते हे आपण नेहमी ऐकतो. तीच श्रद्धा उलटून माणसाला आतून पोखरू शकते, हे कमी बोललं जातं.

पुढच्या वेळी मी त्यांना पोथी घेऊन यायला सांगितलं. लाल फडक्यात बांधलेली, कडांना तेलकट झालेली पोथी त्यांनी टेबलावर ठेवली. ठेवण्याआधी टेबल पदरानं पुसलं. चौदावा अध्याय त्यांनी काढला, पण वाचायची गरज पडली नाही. सगळी कथा त्यांना तोंडपाठ होती. त्या सांगत गेल्या आणि शिर बाजूला ठेवण्याच्या जागी आल्यावर मी थांबवलं.

"ताई, चांगुणेनं शिर का ठेवलं असेल हो?"

"तोंड बघायला. पाव्हणा जेवून गेल्यावर पोराचं तोंड तरी बघावं म्हणून."

"म्हणजे तिनं सगळं दिलं नव्हतं."

त्या पोथीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नव्हतं दिलं. लपवलंच होतं की तिनं."

"तरी चिलया आला."

ह्यानंतर बराच वेळ त्या रडल्या. रडून झाल्यावर जे त्यांनी दहा महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. शेवटच्या रात्री, मुलगा व्हेंटिलेटरवर असताना, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून त्या देवाला म्हणाल्या होत्या, "आता सोडव त्याला. ने." पहाटे तो गेला. त्यांच्या मनात हिशोब पक्का झाला होता. देवानं मागितलं, मी दिलं. चांगुणेला परत मिळालं, मला नाही, कारण माझ्या देण्यात खोट होती. मी भक्तीनं नाही, कंटाळून दिलं.

माझ्या मते इथेच सगळ्या गुंत्याची गाठ होती. परीक्षेच्या कथांत एक गोष्ट नेहमी असते आणि आपण ती ऐकताना विसरतो. तिथे कुणीतरी मागतं. अतिथी उंबऱ्यावर उभा राहून तोंडानं मागतो. इब्राहिमला, म्हणजे बायबलमधल्या अब्राहामाला, मुलाचा बळी दे अशी आज्ञा होते. हरिश्चंद्राकडे विश्वामित्र दक्षिणा मागतात. ज्याच्याकडे मागितलं जातं त्याला नाही म्हणता येतं, म्हणून त्याच्या हो म्हणण्याला किंमत असते. ताईंकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. मुलगा आजारी पडला. आजार विचारून येत नाही, आणि आईनं नको म्हटल्यानं थांबत नाही. जिथे मागणं नाही, निवड नाही, तिथे परीक्षा कसली? आणि जो देव परीक्षेसाठी आठ वर्षांच्या पोराचं आयुष्य प्रश्नपत्रिकेसारखं वापरेल, त्याला ताई स्वतःही देव म्हणाल्या नसत्या. हे मी त्यांना असंच विचारलं. त्या म्हणाल्या, "माझा महादेव असा नाही."

दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली ती ह्या कथा रचणाऱ्यांबद्दल. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात अब्राहाम मुलावर सुरी उगारतो आणि वरून आवाज येतो, थांब. कुराणाच्या 37व्या सूरेत तर बाप आधी मुलालाच विचारतो, मला असं स्वप्न पडलंय, तुला काय वाटतं? ऐतरेय ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात अजीगर्त नावाचा बाप शंभर गाईंना पोटचा शुनःशेप विकतो, आणखी शंभरांना त्याला यज्ञाच्या खांबाला बांधतो, आणखी शंभरांना त्याच्यावर शस्त्र चालवायला तयार होतो. तिथेही पाश गळून पडतात आणि पोर सुटतं. सुटल्यावर ते बापाकडे परत जायला नकार देतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ह्या कथा ऐकताना आपलं सगळं लक्ष बापाच्या निष्ठेकडे जातं. सांगणाऱ्यांचं लक्ष मात्र पोर वाचण्याकडेही होतं.

पोर न वाचल्याचीही एक कथा आहे, बायबलमधल्या शास्ते नावाच्या पुस्तकात. इफ्ताह लढाईला जाताना आपण होऊन नवस बोलतो, जिंकून आलो तर घरातून जो कोणी मला सामोरा येईल तो तुझा. सामोरी येते त्याची एकुलती मुलगी. त्या नवसावर देव अवाक्षर बोलत नाही. त्यानं मागितलेलं नव्हतंच. पुढे त्या मुलीसाठी इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस शोक करायच्या, एवढं मात्र तिथे नोंदलेलं आहे. नवस चुकला, नवस अर्धा राहिला म्हणून स्वतःला खाणाऱ्या माणसांना मी ही कथा सांगते. आपल्या तुकोबांनीही "नवसें कन्या पुत्र होती, तरि कां करणें लागे पति" असं सरळ विचारून ठेवलंय.

पोथीवर बोलून भागत नाही. ताईंना मुलगा नेमका कशानं गेला हेच नीट माहीत नव्हतं. धावपळीत कुणी समजावून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा त्यांच्या कानात शिरलं नव्हतं. मी फाईल मागवली आणि ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना त्यांच्याशी बोलायला बसवलं. केमोनंतर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खूप खाली जातात. त्यांचा एक प्रकार, न्यूट्रोफिल, पाचशेच्या खाली गेला की साधा तापही जिवावर बेतू शकतो, आणि ताप आल्याबरोबर रुग्णालय गाठावं लागतं. ताईंनी ते त्याच रात्री गाठलं होतं. फाईलमध्ये वेळ लिहिलेली होती. तरीही रक्तात जंतुसंसर्ग पसरला. ज्या रात्री त्या "ने" म्हणाल्या, त्याच्या आधीच त्याची मूत्रपिंडं बंद पडली होती. डॉक्टरांनी हे सावकाश, कागदावर लिहून सांगितलं. तो कागद ताईंनी घडी करून पोथीत ठेवला.

त्यांच्या नवऱ्याचं दुःख वेगळ्या वाटेनं चाललं होतं. त्यांनी देवपूजा सोडली होती, देव्हाऱ्याकडे बघतही नव्हते. ताईंना भीती, ह्यांच्या रागानं आणखी कोप होईल. मी दोघांना एकत्र बसवलं आणि तुकोबांचा "माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल" हा अभंग ऐकवला. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. जनाबाई तर विठ्ठलाला "मूळ मायेच्या कारट्या" म्हणते. देवाशी भांडायची मुभा आपल्या संतांनीच देऊन ठेवली आहे. नवरा काही बोलला नाही, पण त्यानं अभंग लिहून घेतला.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत लिहायला हवी. दुःखातल्या माणसाच्या दाराशी कोप, करणी, उतारा असं काहीबाही सांगणारे हटकून येतात. ताईंकडेही एकजण आला होता, पुढचं मूल जगायचं असेल तर अमुक पूजा घाला म्हणून. माणसं पूजेच्या नावानं कोणत्या थराला गेलीत हे बघूनच महाराष्ट्रात 2013 साली नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा झाला. आणि कुणी जर म्हणू लागलं की देव माझ्या कानात बोलतो, अमक्याचा बळी दे म्हणतो, तर ती श्रद्धेची चर्चा उरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, मुलांना त्याच्यापासून दूर ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. कुठे जायचं सुचत नसेल तर टेलीमानस ह्या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 ह्या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

ताईंची झोप हळूहळू सुधारली. अपराधभाव पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. मुलाच्या शाळेच्या रस्त्यानं त्या अजून जात नाहीत. सोमवार करतात, पण आता काही मागत नाहीत असं म्हणाल्या.

त्यांची जाऊ एकदा त्यांच्यासोबत आली होती. "देव आपल्या माणसाचीच परीक्षा बघतो" हे वाक्य ताईंना पहिल्यांदा तिनंच सांगितलं होतं, धीर द्यायला. हे वाक्य किती लागलं ते ताईंनी तिच्यासमोर सांगितलं तेव्हा ती कळवळली. "मग मी काय बोलू, मॅडम?" तिनं विचारलं. मी तिला बायबलमधल्या ईयोबाचं सांगितलं. त्याची पोरंबाळं गेली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर ठीक होतं. मग ते कारणं सांगायला लागले, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

जावेला मी म्हटलं, कारण सांगू नका. त्याचं नाव घ्या, त्याच्या खोड्या आठवा, वाढदिवसाच्या दिवशी ताईंकडे जा आणि स्वयंपाकाला हात लावा. ती म्हणाली, "वाढदिवस पुढच्याच महिन्यात आहे. त्याला माझ्या हातच्या शेंगोळ्या आवडायच्या." ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लसूण जास्त लागायचा त्याला."