रताळं आणि रताळु

बाळा,

तुझी शब्दांची यादी काल रात्री दोनदा वाचली आणि खूप बरं वाटलं, आपल्या बडोद्याची मराठी कोणीतरी लिहून ठेवतंय. बाकीचं भेटल्यावर बोलू, आज एकाच नोंदीबद्दल लिहिते. तू लिहिलंयस, 'रताळु : रताळ्याला गुजराती शब्द, पण तिथे चुकीच्या अर्थाने वापरतात.' हे 'चुकीच्या' तेवढं काढून टाक.

मी लग्न होऊन इथे नवीन आले तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्षातली एकादशी होती, रताळ्याचा कीस करायचा म्हणून खंडेराव मार्केटात गेले आणि ऐटीत म्हटलं, भाई एक किलो रताळु आपजो. त्याने जे दिलं ते मातीने माखलेलं, जाडजूड, वेडंवाकडं. मला वाटलं इथली अशीच असतील. घरी येऊन कापलं तर आतून गडद जांभळं, हातातून सुळकन सटकणारं बुळबुळीत, आणि वर हाताला खाज. आपलं रताळं कापलं की पांढऱ्या चिकाचे थेंब येतात, इथे ते काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं हे उंधियूचं, आपलं रताळं पाहिजे असेल तर शक्करियां मागायची.

बरीच वर्षं मीही भाजीवाल्यालाच चूक समजत होते. मग शोधायला लागले. संस्कृतात आलु, आलुक म्हणजे खायचा कंद, रक्तालु म्हणजे लाल कंद, बस एवढंच. जांभळा कंद आपल्याकडे पूर्वीपासून होता. रताळं मात्र मूळ अमेरिकेतलं, ते इकडे आलं 1492 नंतर कधीतरी दर्यावर्दी लोकांबरोबर, तेव्हा आपल्या लोकांनी त्याची लालसर साल बघितली आणि घरातलं जुनं नाव त्याला देऊन टाकलं. म्हणजे जुन्या अर्थाच्या जवळ गुजराती राहिली, लांब आपण गेलो, आणि माझ्या मते दोघांचंही बरोबरच आहे.

बटाट्याचं तर विचारूच नकोस. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि त्यांच्याकडे बटाटा म्हणजे रताळंच! आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याचं पेरूकडच्या केचुआ भाषेतलं नाव पापा. स्पेनमध्ये ही दोन्ही नावं एकमेकांत मिसळली. आणि शक्करियांतली ती साखर आपल्याच शर्करेची, फारसीत जाऊन शकर होऊन परत आलेली.

आता एक धोक्याची जागा, इथे तू नक्की घसरशील म्हणून सांगते. फारसीतही आलू आहे, पण त्याचा अर्थ कंद नाही, ते फळ आहे. आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचा आलू, जर्द म्हणजे पिवळा म्हणून जर्दाळू. हिंदीतल्या आलूशी त्याचं काही नातं नाही, नुसता आवाज सारखा. आणि इराणी माणूस बटाट्याला म्हणतो सीबजमिनी, जमिनीतलं सफरचंद. तेव्हा आवाज जुळला की लगेच नातं लावायला जाऊ नकोस, आधी वस्तू कुठून आली, कधी आली ते बघ, आणि जमलं तर ती हातात धरून, कापून बघ.

सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली कारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, सयाजी शासन कल्पतरु, त्यात आठ भाषांमधले शब्द शेजारी शेजारी मांडलेत. तुझ्या वहीत तशीच मांडणी कर, मराठीचा एक रकाना, गुजरातीचा एक, आणि तिसऱ्यात ती वस्तू दिसते कशी, लागते कशी.

रविवारी सकाळी आठला मार्केटच्या दारात ये, वही आण आणि एक कापडी पिशवी. दोन्ही घेऊ, शक्करियां पण आणि रताळु पण. कापायला माझ्याकडेच ये, हाताला लावायला तेल काढून ठेवते.

– बाई