आधी लेकीला आकडा सांगा

"ताई, मुलगी यंदा बारावीत आहे. रटगर्स या आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, निवडक मुलांसाठीच्या ऑनर्स कॉलेजमध्ये शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळालाय, वर्षाला साधारण २४ हजार डॉलर पडतील. मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार नावाजलेल्या छोट्या खासगी कॉलेजातही मिळालाय. तिथे मदत शून्य, वर्षाचे ९२ हजार. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, आमचे १ लाख ३० हजार आहेत. हे म्हणतात, घरावर कर्ज काढू, अशी संधी पुन्हा येत नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही. धाकटा दहावीत आहे. मुलीला विचारलं की 'तुम्ही सांगाल ते' म्हणते. तिला डॉक्टर व्हायचंय, निदान आत्ता तरी. सांगलीला सासूबाईंनी त्या खासगी कॉलेजचे पेढेही वाटले. पैशाचं आम्ही तिला काही बोललेलो नाही, उगाच मनावर ओझं नको म्हणून. १ मेपर्यंत कळवायचंय."
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

तुमचं पत्र वाचताना मी एकाच वाक्यावर अडले. कॉलेजांच्या वाक्यावर नाही. "पैशाचं आम्ही तिला काही बोललेलो नाही" या वाक्यावर.

माझं इंजिनीअरिंगचं शिक्षण पुण्यात झालं. बाबांनी त्यासाठी पीएफमधून पैसे काढले होते, आणि आईच्या पाटल्या गेल्या होत्या. हे मला कळलं ते बाबा निवृत्त झाल्यावर, एका जुन्या फायलीत पावती सापडली तेव्हा. मला त्या दिवशी कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो राग. मला विचारलं असतं तर मी घराजवळच्या कॉलेजात आनंदाने गेले असते, निदान विचार तरी केला असता. ओझं नको म्हणून लपवलेली गोष्ट मुलांना पुढे कधीतरी कळतेच, आणि तेव्हा ती दुप्पट जड झालेली असते. तुमची लेक "तुम्ही सांगाल ते" म्हणते, त्याचं कारण मला हेच वाटतं. घरात काहीतरी तणाव आहे हे तिला दिसतंय, पण कशाचा ते कुणी सांगत नाही. अशा वेळी शहाणी मुलगी गप्पच बसते.

तर आकडे मांडू या. खासगी कॉलेजचे चार वर्षांचे ३ लाख ६८ हजार, फी वाढली नाही असं धरून. ती वाढते. त्यातून तुमची बचत वजा केली तरी २ लाख ३८ हजार उरतात. सरकारी कर्ज विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर चार वर्षांत मिळून २७ हजारच मिळतं. पालकांसाठी जे पॅरेंट प्लस कर्ज आहे, त्यावर १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना मर्यादा आलीय: वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार. उरलेलं सगळं खासगी बँकेचं किंवा घरावरचं. रटगर्सचे चार वर्षांचे ९६ हजार होतात. ते ५२९ मधून फिटतात आणि वर ३४ हजार शिल्लक राहतात.

आता डॉक्टर होण्याचं. ती या रस्त्याने खरंच गेली, तर हे चार वर्षांचं शिक्षण म्हणजे नुसती सुरुवात. पुढची चार वर्षं मेडिकल स्कूलची. तिथेही नियम बदललेत: नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच मिळेल. आधी शिक्षणाचा पूर्ण खर्च भागेल इतकं मिळायचं. म्हणून आज वाचवलेल्या डॉलरची किंमत चार वर्षांनी कितीतरी जास्त असेल. मेडिकल स्कूल बघतं ते तिचे गुण, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, दवाखान्यात घालवलेले तास, संशोधन आणि प्राध्यापकांची पत्रं. रॉबर्ट वुड जॉन्सन मेडिकल स्कूल तर रटगर्सचंच आहे, कॅम्पसच्या दाराशी. तिथल्या एखाद्या प्रयोगशाळेत उभं राहायला तिला गाव सोडावं लागणार नाही.

तुमचे यजमान जे म्हणतात त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, पण अभ्यास दोन्ही बाजूंनी बोलतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की सारख्याच कुवतीची आणि सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेली मुलं पुढे सरासरी सारखंच कमावतात, मग ती जास्त निवडक कॉलेजात गेली असोत वा नसोत. अपवाद मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना नामांकित कॉलेजाचा खरा फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीग या नामांकित जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटातली आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी बारा विद्यापीठं घेऊन त्यांची राज्यांच्या प्रमुख सार्वजनिक विद्यापीठांशी तुलना केली. सरासरी मिळकतीत तिथेही फारसा फरक नव्हता. पण सर्वांत वरच्या एक टक्का कमाईत पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली, आणि नामांकित पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत जाण्याची जवळपास दुप्पट. म्हणजे नावाला वजन आहे, मुख्यतः अगदी वरच्या टोकाला. पण मॅसॅच्युसेट्समधलं तुमचं छोटं कॉलेज त्या बारांत बसत नाही, आणि तुम्ही दोघं पगारदार, शिकलेले आईबाप आहात. ज्या मुलांना नावाची सर्वांत जास्त गरज असते, त्यांतली तुमची मुलगी नाही.

खरा प्रश्न पैशापलीकडेही आहे, आणि तो ऑनर्स कॉलेजबद्दल विचारायचा. ऑनर्स या शब्दावर भाळू नका. रटगर्सच्या ऑनर्स कॉलेजची इमारत २०१५ मध्ये उघडली, छान आहे, पहिल्या वर्षी ही मुलं एकत्र राहतात, छोट्या चर्चावर्गांत बसतात. पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीला ती शेकडो मुलांच्या मधोमधच बसणार, आणि विज्ञानाच्या वर्गांसाठी बसने विद्यापीठाच्या बुश कॅम्पसला जाणार. छोट्या कॉलेजात प्राध्यापक तुमचं नाव पहिल्या आठवड्यात शिकतात. काही मुलांना हे खरंच लागतं. जे मूल वर्गात हात वर करायला घाबरतं, ते मोठ्या विद्यापीठात वर्षभर कुणाला दिसतही नाही. तुमची लेक कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही.

म्हणून न्यू ब्रन्सविकला, रटगर्सच्या कॅम्पसवर, एक दिवस तिला घेऊन जा, दाखवायला ठेवलेल्या सहलीला नाही, एरवीच्या मंगळवारी. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या ऑनर्सच्या मुलांना तिनेच विचारावं: पहिल्या वर्षानंतर छोटे वर्ग उरतात का? वर्ग निवडायला आधी संधी मिळते का? प्रबंध किती जण पूर्ण करतात? आणि शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकलच्या तयारीच्या, पहिल्या सत्रात भल्याभल्यांचे गुण घसरतात.

त्याच आठवड्यात खासगी कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयाला, पत्र लिहा. दोन वर्षांनी धाकटाही कॉलेजात असेल हे त्यात स्पष्ट लिहा. फाफ्साने, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाने, २०२४-२५ पासून एकाच वेळी कॉलेजात असलेल्या भावंडांचा हिशोब धरणं बंद केलंय, पण सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागणारी बरीच खासगी कॉलेजं अजून तो धरतात. मदत वाढवून मागण्यात लाज नाही, त्या ऑफिसचं हे रोजचं काम आहे. उत्तर लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर आज आहेत या आकड्यांवर मी रटगर्सच म्हणेन. २ लाख ३८ हजारांचं कर्ज धाकट्याच्या वाट्याचं असेल, तुमच्या म्हातारपणाचं असेल. घर गहाण पडलेलं मला बघवणार नाही. मदत चांगली वाढली, किंवा लेकीने आकडा ऐकून, विचार करून, मला छोटंच कॉलेज हवं आणि का हवं हे नीट सांगितलं, तर कर्जाचा एक छोटा, मोजलेला भाग घ्यायचा विचार करा. पण तो आकडा तिच्यासमोर, टेबलावर, कागदावर.

आणि नवऱ्याशी भांडू नका. ज्या माणसाने सांगलीहून इथवर येऊन दोन मुलं वाढवली, त्याला लेकीच्या कॉलेजचं नाव चारचौघांत सांगावंसं वाटणं फार स्वाभाविक आहे. ती त्याच्या कष्टाची पावती आहे. त्याला फक्त एवढं विचारा, की लेकीने दहा वर्षांनी ही फाईल उघडली, तर त्यातलं तिला काय दिसावं असं त्याला वाटतं.

शनिवारी सकाळी चहाला तिघं बसा, धाकट्यालाही बोलवा. ५२९ चं स्टेटमेंट आणि दोन्ही पत्रं समोर ठेवा. आधी तिला बोलू द्या, मध्ये थांबवू नका, ती रडली तरी. निर्णय झाला की सासूबाईंना फोन तिलाच करू दे. पेढ्यांचं काय करायचं ते आजी-नातीचं त्या दोघींतच ठरेल.