कविता दगडात गेली की कविता राहते का?

प्रश्न : मी कविता करतो. हल्ली वाटतं, यातले काही शब्द लाकडात किंवा पत्र्यात कापून उभे करावेत. मित्र म्हणतात, ती कविता नाही, पाटी होईल. एक-दोन शब्दांच्या वस्तूला कविता कशावरून म्हणायचं? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत. 'आशा' हा शब्द हातभर उंच करून भिंतीवर टांगला तर ती पाटीच. मी एक कसोटी लावते. वस्तू झाकायची आणि तोच मजकूर कागदावर लिहायचा. काहीच हरवलं नाही, तर दगड फुकट गेला.

स्कॉटलंडचे इयन हॅमिल्टन फिन्ली (१९२५–२००६) मुळात कवीच. १९६६ मधली त्यांची एक कविता काचेवर वाळूच्या माऱ्याने कोरलेली आहे. शब्द दोनच : लाट आणि खडक. लाटेची अक्षरं खडकाच्या अक्षरांवर येऊन आदळतात, त्यांच्यात घुसतात. कागदावर एकापुढे एक लिहिलीत तर नुसती दोन नामं उरतील. पेंटलंड टेकड्यांतल्या त्यांच्या 'लिटल स्पार्टा' या बागेत फ्रेंच क्रांतिकारक सेंट-जस्टचं एक वाक्य आहे : सध्याची व्यवस्था ही भविष्यातली अव्यवस्था आहे. त्यातला एकेक शब्द एकेका अवजड शिळेवर कोरलाय. शब्द सुटे आहेत, म्हणजे क्रम बदलता येईल. पण त्या शिळा हलवणार कोण? व्यवस्था बदलणं किती जड काम आहे, हे वाक्यात कुठेच नाही. ते वजनातून कळतं. (फिन्ली स्वतः छिन्नी धरत नसत. कारागिरांकडून करून घेत आणि कामाबरोबर त्यांचं नावही देत. आपल्याकडच्या काही थोरांनी हे जरूर वाचावं.)

बेल्जियमचे कवी मार्सेल ब्रूथार्स उलट्या वाटेने गेले. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःच्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती प्लास्टरमध्ये रोवल्या. वाचायचं तर शिल्प फोडावं लागेल. झकास कल्पना, पण दुसऱ्या कुणी केली तर निव्वळ नक्कल.

आता तुमचं काम. देवनागरीत पत्रा कापणाऱ्याला शिरोरेषा हा मोठाच आधार, ती सगळी अक्षरं धरून ठेवते. घात करतो तो अनुस्वार. कापला की टिंब खाली पडतं. त्याला कुठेतरी बारीक पट्टीने जोडावं लागतं, आणि ती पट्टी विचारपूर्वक काढली नाही तर डोळ्यात खुपते. उलट, पत्र्यातून अक्षराची पोकळी काढणार असाल तर 'व', 'ब'च्या पोटातला तुकडाही गळून जातो. दगडात हे प्रश्न नाहीत, तिथे उजेडाचा प्रश्न असतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच मारली की तिची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि रंग न भरता अक्षर वाचता येतं. पण उजेड तिरपा हवा. समोरून पडला तर अक्षर सपाट होऊन जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून शिल्पाची जागा आधी ठरवा, शब्द मग.

लगेच पत्र्याला हात घालू नका. तुमच्याच कवितेतला असा शब्द शोधा, जो उभा, आडवा किंवा उलटा ठेवला की अर्थ बदलतो. जाड पुठ्ठ्यात कापा आणि चारी बाजूंनी फिरून बघा. मागून तो उलटा दिसणार. त्या बाजूचं काय करायचं, हे ठरल्याशिवाय कटिंगवाल्याकडे जाऊ नका.