चिकोडी भागात थंडीसाठी गाडीला टिकाऊ वॅक्स कोणतं घ्यावं आणि ते कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी गडद निळी आहे, घेऊन वर्ष झालं, चिकोडीत घरासमोर उघड्यावरच उभी असते आणि पुढचा बंपर गेल्या आठवड्यातच रंगवून घेतलाय. परदेशी व्हिडिओ बघून थंडीआधी टिकाऊ वॅक्स लावायचं ठरवलंत, पण पेस्ट घ्यावी, लिक्विड घ्यावं की स्प्रे, हे ठरत नाहीये. मी बेळगावात टिळकवाडीत राहतो आणि कामानिमित्त थंडीभर संकेश्वर, चिकोडी, रायबाग अशी गाडी फिरवतो. माझीही गाडी गडद रंगाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या व्हिडिओंतला मिठाचा मुद्दा बाजूला ठेवा. बर्फाच्या देशांत थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ पत्रा खातं, म्हणून तिथले लोक हिवाळा लागायच्या आत गाडीला वॅक्स लावून घेतात. आपलं बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बहुतेक 13 ते 15 अंशांच्या आसपास असतो. एवढ्या थंडीनं रंगाला काही होत नाही. रंग खराब होतो तो याच दिवसांत एकदम येणाऱ्या दोन गोष्टींनी: दव आणि साखर कारखान्यांची काजळी.

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की बॉयलरला बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाची चिपाडं, जाळतात आणि राख वाऱ्याबरोबर गावभर पसरते. रात्री आभाळ निरभ्र असलं की गाडीचं छत आसपासच्या हवेपेक्षाही गार पडतं, त्यावर दव धरतं आणि त्या ओल्या छतावर काजळी येऊन बसते. सकाळी जवळ जाऊन बघा. तिळाएवढे काळे कण दिसतील, काही केसासारखे बारीक नि लांबट. एखादा कण बोटानं दाबून ओढला की काळी रेघ उमटते आणि बोटाला खरखर लागते. ती खरखर सिलिकाची. वाळूत असतं तेच द्रव्य बगॅसच्या राखेत भरपूर असतं, आणि गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, ते कितीतरी कठीण असतं.

आता सकाळी कामावर निघायची घाई. सीटखालचं फडकं काढायचं आणि काच पुसता पुसता बॉनेट, छत, दारं सगळ्यावरून फिरवायचं, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. गडद गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेघा चमकतात, त्या या फडक्यानं पडलेल्या असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की थंडीत सकाळी फक्त काचा पुसा, आरसे पुसा, पत्र्याला फडकं लावू नका. वॅक्सही शेवटी याचसाठी लावायचं. ओरखडे अडवण्याइतका जाड तो थर नसतोच. पण त्याच्यामुळं काजळी रंगाला घट्ट धरत नाही, पाण्याची धार मारली की बरीचशी सुटून जाते आणि घासायची वेळ कमी येते. आपल्याकडच्या थंडीत वॅक्सचा खरा उपयोग एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

कोणतं घ्यायचं? कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. चकाकी फार सुंदर देतं, गडद निळ्यावर तर बघत राहावंसं वाटतं, पण उघड्यावरच्या गाडीवर महिना-दीड महिन्यात ओसरतं. गळीत हंगाम त्याहून पुष्कळ लांब चालतो. तुमच्यासाठी सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमरचा थर देणारं द्रव्य, किंवा कार्नोबा आणि पॉलिमर मिसळलेलं वॅक्स बरं. अमेरिकेच्या कॉलिनाइटचं 845 हे लिक्विड आणि 476 एस ही पेस्ट, दोन्ही टिकण्यासाठीच नावाजलेली आहेत. जपानच्या सॉफ्ट 99 चं फुसो कोट हे आणखी चिवट. त्याच्या डब्यावर 12 महिने लिहिलेलं असतं. आपल्या उन्हात, उघड्यावर, चार-पाच महिने धरून चाला, म्हणजे हंगाम निघतो. हे गडद आणि फिकट रंगांसाठी वेगवेगळ्या डब्यांत येतं, तुम्ही गडदचा घ्या. पहिल्यांदाच हातानं लावणार असाल तर मी 845 सांगेन. पसरायला सोपं, पुसायला सोपं. थंडीत बाटलीत घट्ट झालं तर बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायची, मग चांगली हलवायची. स्प्रे वॅक्स एकटं पुरत नाही, पण मधेमधे वरून मारायला उत्तम.

शोरूमवाले ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकतात त्याबद्दलही सांगून टाकतो. टेफ्लॉन 327 अंशांला वितळतं आणि तव्यावर ते भट्टीत भाजून बसवलेलं असतं. गाडीला तसं भाजता येत नाही. त्या नावाखाली मिळतं ते साधारण सीलंटच, तेव्हा त्या नावासाठी जास्त पैसे देऊ नका. सिरॅमिक कोटिंग ही चांगली चीज आहे, पण उघड्यावर उभ्या आणि बोअरच्या पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या गाडीवर पाण्याचे डाग त्यावरही बसतात. आधी धुण्याची सवय बसू दे, मग त्याचा विचार करा.

वेळ कोणती गाठायची? दसरा ते दिवाळी. पाऊस उघडलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागलेली असते आणि कारखान्यांच्या धुराड्यांनी अजून जोर धरलेला नसतो. खंडेनवमीला गाडी धुवून पूजा करताच ना, त्याच धुण्याला पुढची तयारी जोडून घ्या. हळद-कुंकवाचं बोट काचेवर ओढा, बॉनेटवर नको. झेंडूचा ओला हारही रात्रभर रंगावर राहू देऊ नका.

सगळा वेळ जातो तो तयारीत आणि तिथंच कंटाळा करू नये. आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं चिखल, काजळी पाडा. उसाच्या डबल ट्रॉलीमागनं गेलं की चाकांच्या मागचा भाग आणि दाराखालची पट्टी चिखलानं लिंपून निघते, तिथं धार जास्त वेळ मारा. मग कार शांपू. कपड्याची पावडर नको, भांड्याचं लिक्विड रोजच्या धुण्याला नको, आणि ट्रॅक्टरला मारतात तसा डिझेलचा हात तर मुळीच नको. दोन बादल्या घ्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक दारानंतर साध्या पाण्यात पिळायचा. छतापासून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कापडानं.

पाण्याचं म्हणाल तर बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी येतं, त्यानं डाग कमी पडतात. चिकोडी, रायबाग, अथणीकडं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते गाडीवर उन्हात वाळलं की पांढरे गोल डाग पडतात आणि दिवस गेले की ते रंगात मुरतात. शेवटच्या धुण्यापुरतं नळाचं किंवा गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर तेच वापरा, आणि लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्या. घासायचं नाही, टिपायचं. जुने डाग दिसत असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून डागावर मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवून टाका.

गाडी कोरडी झाली की हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून कचकच लागतो, तेव्हा त्यात बारीक कण रुतून बसलेत असं समजा. त्याला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, हवा. शांपूचं पाणी भरपूर मारायचं आणि त्या निसरड्या पाण्यावरून क्लेचा तुकडा हलक्या हातानं सरकवायचा, जोर द्यायचा नाही. क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या, उचलून परत लावू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फाउंड्रीशेजारी गाडी लावणाऱ्यांना याआधी आयर्न रिमूव्हरही लागतो. लोखंडाचा कण भेटला की ते द्रव जांभळं होऊन ओघळतं. तुम्हाला कदाचित चाकांपुरतंच लागेल.

पॉलिशचा मोह मात्र आवरा. पॉलिश क्लिअर कोट खरवडूनच चकाकी आणतं, आणि तो थर साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो. वर्षाच्या गाडीला रेघा फार नसतील तर यंदा पॉलिश नकोच.

आता लावणं. गाडी सावलीत घ्या, पत्र्याला हात लावून बघा, गार लागला पाहिजे. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं वॅक्स घ्या आणि एका वेळी एकच भाग करा: अर्धं बॉनेट, एक दार. थर इतका पातळ हवा की तिरक्या उजेडातच दिसावा. नवीन लोक हमखास जाड लावतात. जाड लावलेलं जास्त टिकत नाही, ते फक्त पुसायला जड जातं आणि वाया जातं. अख्ख्या छोट्या गाडीला 845 चं 30 मिलीसुद्धा लागत नाही. लावलेलं धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा आणि कापडाची घडी सारखी बदलत राहा. काळ्या खरबरीत प्लास्टिकला वॅक्स लागलं तर पांढरे डाग राहतात, म्हणून तिथं आधीच कागदी टेप मारून घ्या. दाराच्या आतल्या कडा, डिकीची कड आणि दाराखालची पट्टी विसरू नका, चिखल तिथंच साचतो.

एक अडचण तुम्हाला नक्की येईल. लावल्यावर पहिले 12 ते 24 तास पाणी लागू नये असं सांगतात, आणि आपल्याकडं रात्री दव पडतं. तेव्हा सकाळी दहाच्या सुमाराला गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर काम सुरू करा, दुपारपर्यंत संपवा, आणि त्या एका रात्रीपुरती गाडी शेजाऱ्यांच्या शेडमध्ये किंवा पाहुण्यांच्या पोर्चमध्ये लावा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला तर सुटलेल्या जागा भरून निघतात. त्यापुढं आणखी थर चढवून काही फायदा नाही.

पुढं हंगामभर आठवड्यातून एकदा धार आणि शांपू. कापडी कव्हर घालायचा विचार असेल तर काजळी पडलेल्या गाडीवर घालू नका, वाऱ्यानं ते हलतं आणि खालची राख रंगावर घासत राहते. संक्रांतीच्या सुमाराला धुतलेल्या गाडीवर पाणी मारून बघा. पाणी पटकन गोळा होऊन घरंगळलं तर थर शाबूत आहे. पसरून चिकटून राहिलं तर शांपूनं पुन्हा एकदा नीट धुवा, कारण वर मळ साचल्यानंही तसंच दिसतं. तरीही पसरत असेल तर स्प्रे वॅक्सचा एक हात द्या, शिमग्यापर्यंत निभतं.

राहिला बंपर. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळं बाकी गाडीला आज वॅक्स लावलं तरी चालतं. गॅरेजमध्ये मारलेला रंग आतून सुकायला वेळ घेतो, त्यातला थिनर उडून जायला हवा आणि वरून वॅक्सचा थर बसला तर तो अडतो. रंग कोणता मारलाय आणि हीटर लावला होता का, हे पेंटरला विचारा. साधारण 30 ते 90 दिवस थांबायला सांगतात. तोवर बंपरला फक्त पाणी आणि शांपू, आणि वॅक्स लावताना बंपरच्या कडेनं टेप मारून तो वगळा.