एक्स्चेंजला जाण्याआधी: क्रेडिटचा कागद, कुंदा आणि आपला सीमाप्रश्न

तू खानापूरहून लिहिलंयस की एलएलएमच्या (कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या) एका सत्रासाठी कॉलेजने तुझं नाव स्वीडनला, लुंडला पाठवलंय. विषय मानवी हक्क कायदा. तुझे प्रश्न तीन: दहावीपर्यंत मराठी शाळा, तिथलं इंग्रजी झेपेल का, फी माफ म्हणजे खर्च नाही ना, आणि सीमाप्रश्नावर निबंध लिहिता येईल का. मी शहापूरची, बेळगावचीच. काही वर्षांपूर्वी तिथेच एक सत्र काढून आले. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

आधी कंटाळवाणं, कारण पोरं अडकतात ती तिथेच. युरोपात एका सत्राचे 30 क्रेडिट धरतात, आपलं माप वेगळं. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या पेपरच्या बदली धरणार हे निघण्याआधी लेखी घे, परीक्षा विभागाच्या सहीशिक्क्यासकट. 'होईल की, काळजी कशाला करूलालीस' असं म्हणणारे सर फार प्रेमळ असतात, पण त्यांच्या प्रेमावर मार्ककार्ड निघत नाही. मी तोंडी शब्दावर गेले. परत आल्यावर 'हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही' म्हणून फाईल बाजूला पडली आणि एक पेपर ज्युनियर पोरांबरोबर बसून पुन्हा दिला. शिवाय तिकडचं शरद सत्र जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतं. तोवर इथलं पुढचं सत्र सुरू झालेलं असेल, तर हजेरीचं काय, तेही त्याच कागदावर लिहून घे.

दुसरा घोळ नावाचा. माझ्या दहावीच्या कागदावर बेळगाम, नंतरच्या सगळ्यावर बेळगावी, कारण 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बदललं. आपल्याकडे या नावावरून मोर्चे निघतात. लुंडच्या कार्यालयातल्या बाईला एवढंच हवं होतं की ही गावं दोन की एक. दोन्ही नावं एकाच गावाची, असं एक साधं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेव. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रमही सगळीकडे एकच आहे का बघ.

खर्च: तिथली फी माफ, इथली भरत राहायची. खोली, विमा, विमान, रेसिडेन्स परमिट आणि खात्यात दाखवायची रक्कम तुझ्याच माथी. जागा इरॅस्मस प्लसच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेच्या करारातली असेल तर अनुदान मिळतं, म्हणून करार कुठला ते कॉलेजला विचार. सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या बहुतेक पूर्ण पदवीसाठी असतात, त्यांच्या मागे महिना घालवू नकोस. आणि हो, आपला दुधाचा कुंदा नेऊ नकोस. बाहेरून येणाऱ्याला युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. माझा अर्धा किलो गेला. शेंगदाण्याची चटणी मात्र पोचली.

इंग्रजी बोलायची भीती पंधरा दिवसांत जाते. खरं दमवतं ते वाचन, आणि त्याहून जास्त विचारायची पद्धत. पहिल्या सेमिनारला मी कलम नंबरासकट घडाघडा म्हणून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, कलम आम्हालाही माहीत आहे. सरकारला याहून सौम्य उपाय का सुचला नाही ते सांग. मी गप्प. सगळं सत्र याच प्रश्नाभोवती फिरतं: हेतू वैध आहे का, उपायाने तो साधतो का, कमी जाचक वाट होती का, आणि मिळालं त्यापेक्षा गमावलं जास्त का. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 2017 च्या पुट्टस्वामी निकालात, म्हणजे खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, ही कसोटी वापरली आहे. तो निकाल त्या नजरेने पुन्हा वाच. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल त्याच्या हुडॉक या संकेतस्थळावर फुकट आहेत. आठवड्याला एक वाचलास तरी जाईपर्यंत सवय लागेल.

आता सीमाप्रश्न. मीही तोऱ्यात सुरुवात केली होती: आम्ही भाषिक अल्पसंख्याक, नागरी आणि राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 27 (अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरायचा हक्क) आमच्या बाजूला, आणि भारत 1979 पासून त्या कराराला बांधील. मॅडमनी शांतपणे बॅलन्टाइन विरुद्ध कॅनडा हे प्रकरण हातात दिलं. कॅनडाच्या फ्रेंचभाषिक क्वेबेक प्रांतात दुकानाबाहेरची पाटी इंग्रजीत लावायला बंदी होती. तक्रारदारांत अंत्यविधीची व्यवस्था करणारा एकजण होता. 1993 मध्ये या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने म्हटलं, इंग्रजी बोलणारे क्वेबेकात कमी असले तरी देशभरात बहुसंख्य आहेत, म्हणून कलम 27 लागू नाही. पण बंदीने अभिव्यक्तिस्वातंत्र्य मोडलं. कर्नाटकात 2024 पासून पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये हवा असा कायदा आहे. ती बंदी नव्हे, त्यामुळे तुलना सरळ बसत नाही, पण गंमत तिथेच आहे.

उलट आपल्याकडे टी. एम. ए. पै खटल्यात 2002 मध्ये 11 न्यायमूर्तींनी ठरवलं की भाषिक अल्पसंख्याक राज्यनिहाय मोजायचे. म्हणजे राज्यघटनेच्या कलम 30 खाली (अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा हक्क) आपण कर्नाटकात अल्पसंख्याक. पण मराठी बोलणारे महाराष्ट्रात बहुसंख्य असले तरी देशभरात नाहीत, मग कलम 27 चं काय? बॅलन्टाइनचं गणित इथे लागतं की नाही, यावरच माझा निबंध झाला. भारताने व्यक्तिगत तक्रारीचा वैकल्पिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, त्यामुळे तुला मला त्या समितीकडे जाता येत नाही. हे पहिल्या पानावर कबूल कर. मी केलं नव्हतं, पहिला शेरा तोच पडला.

'बेळगाव कुणाचं' हा विषय मात्र घेऊ नकोस. तो महाराष्ट्राने 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात नेलेला राज्याराज्यांतला दावा. मानवी हक्क कायदा नकाशा काढत नाही. 1968 चा बेल्जियन भाषा खटला वाच: शाळेच्या माध्यमाचे सहा प्रश्न, पाचांत पालक हरले. आईवडिलांना हव्या त्या भाषेत सरकारने शिकवावं असा हक्क कोर्टाने मानला नाही. ब्रुसेल्सभोवतीच्या सहा गावांतल्या फ्रेंच शाळांत बाहेरच्या मुलांना केवळ पालकांच्या राहण्याच्या पत्त्यावरून प्रवेश नाकारला, तेवढ्यावर जिंकले. वाचून माझा जीव खट्टू झाला, पण आपल्याकडे राज्यघटनेचं कलम 350अ (भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय) आहे, त्याची किंमत तेव्हा कळली.

विषय घरातून काढ. पंचायतीची कन्नड नोटीस आजीला वाचता येत नाही, तिला कलम 350 ने मराठीत अर्ज करता येतो, पण उत्तर कुठल्या भाषेत यावं? एवढं पुरतं. आणि लिहिलेला प्रत्येक युक्तिवाद महाराष्ट्रातल्या जतच्या किंवा अक्कलकोटच्या कन्नड शाळेला लावून बघ. तिथे गिळवत नसेल तर खोड. माझी चार पानं अशीच गेली.

कोर्सची यादी आली की इथे टाक, पण आधी तो क्रेडिटचा कागद. सही झाली का, तेवढं सांग.